डोळे कोरडे पडणं आणि स्क्रीन : विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिका, विद्यापीठाची हॉस्टेलं, कॉट बेसिसच्या खोल्या इथून येणाऱ्या मुलामुलींचे डोळे मी रोज तपासते. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढायचा, डोळ्यांची तपासणी करायची आणि ज्याला गरज आहे त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायचं, हे माझं काम. सबमिशनचे दिवस आले की तक्रार ठरलेली असते. डोळे चुरचुरतात, आग होते, वाळू गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळनंतर अक्षरं पुसट होतात. बहुतेक जण नंबर वाढला असं धरून येतात, आणि नंबर होता तेवढाच निघतो. खालचे सगळे प्रश्न मला समोरच्या खुर्चीत बसून विचारलेले आहेत. उत्तरं तिथे पाच मिनिटांत द्यावी लागतात, इथे जरा सविस्तर देते.

माझ्या डोळ्यांतून तर सारखं पाणी येतं. मग ते कोरडे कसे?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि सगळ्यांत आधी हाच येतो. आपल्या डोळ्यावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर कायम पसरलेला असतो. तळाशी बुबुळाला धरून राहणारा बुळबुळीत पदार्थ, मधे पाणी आणि सगळ्यांत वर तेलाचा तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. पापणी पूर्ण मिटली की त्या दाबल्या जातात आणि थोडं तेल बाहेर येतं. पापणी उघडताना ते डोळाभर ओढलं जातं. डोळ्यांत तेल घालून अभ्यास केला असं आपण म्हणतो. निरोगी पापणी हे काम मिनिटाला पंधरा-वीस वेळा आपणहून करत असते.

तेल कमी पडलं की खालचं पाणी भराभर उडून जातं. बुबुळ जागोजागी उघडं पडतं, तिथल्या नसांना झोंबतं आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. कांदा चिरताना येतं तसलंच ते पाणी. त्याला तेलाचं झाकण नसतं, म्हणून ते डोळ्यावर ठरत नाही, गालावर ओघळतं. मग पुन्हा कोरड आणि पुन्हा पाणी. विद्यार्थ्यांमध्ये मला जो कोरडेपणा दिसतो तो बहुतेक असाच असतो. पाणी पुरेसं बनत असतं, टिकत नसतं.

तपासताना डोळ्यांत तो रंग कशाला घालता?

त्या रंगाचं नाव फ्लुओरेसिन. कागदी पट्टीचं नारिंगी टोक ओलं करून मी खालच्या पापणीच्या आत अलगद टेकवते. दोनतीनदा डोळे मिटायला लावते आणि निळ्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून बघते. अख्खं बुबुळ हिरव्या चकाकीने झाकलेलं दिसतं. ‘आता मिटू नका’ म्हणते आणि मनात मोजायला लागते. एक, दोन, तीन... त्या हिरव्यात कुठेतरी एक काळा ठिपका उमटतो. त्याच्या शेजारी दुसरा, मग एक काळी रेघ. ओल्या फरशीवर पंखा लावला की एखादी जागा आधी सुकते, तसं. जिथे काळं दिसलं तिथे थर फाटलेला असतो. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो कमजोर समजतात.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा गेल्या हिवाळ्यात आला होता. त्याचा थर तिसऱ्या सेकंदाला फाटत होता. मी त्याला त्याचाच मोबाइल हातात दिला, काहीही वाच म्हटलं आणि घड्याळ लावून त्याच्या पापण्या मोजल्या. एका मिनिटात चार वेळा हलल्या. त्यातल्या तीन वेळा वरची पापणी अर्ध्यावर येऊन परत गेली. म्हणजे साठ सेकंदांत त्याचा डोळा पुरता झाकला गेला तो एकदाच.

याशिवाय कधी कधी शिर्मर चाचणी करतात. गाळणकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर ओली होते ते बघायचं. पाच किंवा त्याहून कमी आली तर पाणीच कमी बनतंय असं मानतात. त्रास किती आहे हे मोजायला बारा प्रश्नांची एक प्रश्नावलीही आहे. तिच्यात १०० पैकी १३ किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासायचं.

यात खरा दोष स्क्रीनचा किती? पुस्तक वाचलं तर होणार नाही का?

जपानी संशोधकांनी १९९३ साली कार्यालयात काम करणाऱ्या १०४ जणांच्या पापण्यांची उघडझाप मोजली होती. निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १०, संगणकाच्या पडद्यासमोर ७. हे आकडे मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते, कारण त्यातला मधला आकडा लोकांच्या लक्षात येत नाही. पुस्तक वाचतानाही उघडझाप निम्म्यावर आली होती. मन कशात गढलं की पापणी थांबते. सुईत दोरा ओवतानाही ती थांबते, कॅरमचा नेम धरतानाही.

स्क्रीनने दोन गोष्टींची भर घातली. पुस्तक आपण मांडीवर किंवा टेबलावर ठेवतो, नजर खाली असते आणि वरची पापणी डोळा बराचसा झाकून ठेवते. पडदा समोर उभा असतो, म्हणून डोळा सताड उघडा राहतो आणि जास्त पाणी उडतं. दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तकाचं पान संपतं, ते उलटताना आपण क्षणभर थांबतो. मोबाइलवरचा मजकूर संपतच नाही. व्याख्यान लॅपटॉपवर, नोट्स टॅबवर, विरंगुळा मोबाइलवर, असा बारा-बारा तासांचा दिवस मुलं मला सांगतात. त्यात पापणीला सुट्टी कुठेच नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच असतं की पडद्याच्या उजेडाला दोष देत बसू नका, न मिटलेल्या पापणीकडे बघा. पुढची बहुतेक उत्तरं यातूनच येतात.

मी पापण्या नीट मिटतो की नाही, हे घरी कसं कळेल?

मोबाइल समोर उभा करून स्वतःचं चित्रीकरण लावा आणि लॅपटॉपवर नेहमीसारखं पाच मिनिटं वाचत बसा. पहिली दोन मिनिटं सोडून द्या, कारण तेव्हा आपण भानावर असतो. पुढच्या मिनिटात किती वेळा पापणी मिटली ते मोजा, आणि वरची पापणी खालच्या पापणीला खरोखर टेकली का, तेही बघा. नुसती फडफड मोजू नका.

सराव असा करायचा. डोळे हलकेच मिटा, मनात दोन मोजा, मिटलेलेच ठेवून पापण्या एकमेकींवर किंचित दाबा आणि उघडा. कपाळाला आठ्या पडता कामा नयेत. असं दहा वेळा केलं की अर्धं मिनिटही लागत नाही. दिवसातून चार-पाच वेळा करा. एखाद्या ठरलेल्या कृतीला बांधलं तर आठवतं. फाइल सेव्ह केली की एकदा, पान सरकवलं की एकदा.

ते वीस-वीस-वीस खरंच उपयोगी आहे का?

दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवर, वीस सेकंद बघायचं. जेफ्री अँशेल या अमेरिकी ऑप्टोमेट्रिस्टनी १९९० च्या दशकात हा नियम रूढ केला. लक्षात ठेवायला सोपा आहे आणि त्याने तोटा काहीच नाही. पण अभ्यासांचे निष्कर्ष सरसकट त्याच्या बाजूचे नाहीत, काहींत फरक दिसला, काहींत नाही. मला वाटतं, वीस सेकंद थोडे कमीच पडतात. शिवाय अभ्यासिकेत तुमच्यापासून वीस फुटांवर भिंतसुद्धा नसते. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उठा, पाण्याची बाटली भरून आणा, गॅलरीतून रस्त्याकडे बघा. फक्त त्या वेळात मोबाइल काढू नका. लॅपटॉपवरून उठून मोबाइल बघितला तर मन ताजं होईलही, डोळ्याला विसावा मिळत नाही.

ब्लू कट चष्मा घेऊ का? दुकानात सांगितलं की घ्यायलाच हवा.

कोरडेपणासाठी नको. २०२३ साली कोक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी संगणकावर काम करताना होणारा डोळ्यांचा शीण साध्या काचांपेक्षा कमी होतो, असं त्यात आढळलं नाही, निदान थोड्या काळात तरी नाही. पडद्यातून येणारा निळा प्रकाश उन्हातल्या निळ्या प्रकाशाच्या मानाने फारच थोडा असतो.

मेस आणि खोलीभाडं यांतून वाचवलेले पैसे मुलं या काचांवर घालतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. तेवढ्याच पैशांत नंबर नीट तपासून घ्या. अर्धा नंबरही, त्यातून तो आडव्या-उभ्या फरकाचा असेल तर, दहा तासांच्या वाचनात डोकं दुखवतो.

डार्क मोड?

ज्याला बरं वाटतं त्याने ठेवावा. सिलिंडरचा, म्हणजे त्याच आडव्या-उभ्या फरकाचा, नंबर असणाऱ्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात, त्यांनी साधाच पडदा वापरावा. पडद्याचा उजेड खोलीतल्या उजेडाच्या जवळपास असू द्या आणि अक्षरं मोठी करा.

नंबर वाढलाय की कोरडेपणा आहे, हे ओळखायचं कसं?

अक्षरं पुसट झाली की दोनदा पापण्या पूर्ण मिटा. चित्र लगेच स्वच्छ झालं आणि थोड्या वेळाने परत मळलं, तर अश्रूंचा थर फाटतोय. मिटूनही पुसटच राहिलं तर नंबर तपासा. बराच वेळ वाचून मान वर केल्यावर समोरच्या दुकानाची पाटी क्षणभर अंधुक दिसते, ती जवळचं बघून अवघडलेल्या स्नायूमुळे. ही अडचणही नंबराबरोबर तपासता येते.

वेळेवरूनही अंदाज येतो. दिवस चढेल तसा त्रास वाढत असेल तर थर टिकत नाही. सकाळी उठतानाच डोळे चिकटलेले, टोचणारे असतील तर रात्री काहीतरी घडतंय. पापण्यांच्या कडा सुजलेल्या असतील, नाहीतर झोपेत डोळे किंचित उघडे राहत असतील. खोलीतल्या मित्राला, मैत्रिणीला विचारा, त्यांना माहीत असतं.

अभ्यासिकेत, हॉस्टेलमध्ये जागा आपल्या हातात नसते. तिथे काय करायचं?

थोडं तरी हातात असतं. सगळ्यांत आधी वारा बघा. छतावरचा पंखा फुल्ल करून त्याच्या बरोबर खाली कॉट टाकायची, तोंड वर करून झोपायचं, ही आपल्या हॉस्टेलांची रीतच आहे. कॉट हलत नसेल तर उशी पायथ्याशी घ्या. एवढ्याने सकाळची टोचणी कमी झालेली मुलं मी पाहिली आहेत. अभ्यासिकेत एसीचा झोत ज्या खुर्चीवर येतो ती उन्हाळ्यात सगळ्यांना हवी असते. ती तुम्ही घेऊ नका. झोत पायांवर किंवा पाठीवर आलेला चालतो, तोंडावर नको.

हवा कोरडी असली की थर लवकर उडतो. पुण्यात मार्च ते मे, नागपूर-अकोल्याकडे तर त्याहून जास्त. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, पाण्याचा कूलर हवेत पाणी घालतो. म्हणून विदर्भातल्या मुलांना घरी कूलरमध्ये जो त्रास नव्हता तो इथे एसीत सुरू होतो. कोकण-मुंबईकडच्या मुलांना दमट हवेची सवय असते, तीही इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तक्रार घेऊन येतात.

आता लॅपटॉप. मानेसाठी म्हणून काही जण त्याच्याखाली पुस्तकांची चळत रचतात. मान सरळ राहायलाच हवी, पण पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली असावी, म्हणजे बाकी सगळा मजकूर खाली नजर करून वाचला जातो. हात लांब केला की बोटं पडद्याला जेमतेम लागावीत, एवढं अंतर. पलंगावर आडवं पडून, मोबाइल तोंडावर धरून वाचणं डोळ्यांना सगळ्यांत महाग पडतं. वर बघताना डोळा पूर्ण उघडतो, आणि त्यातून पंखा वरच असतो.

आणखी एक गोष्ट खास पुण्याची. गाडी चालवताना हेल्मेटची काच खाली घ्या. स्कार्फने नाक-तोंड घट्ट गुंडाळता आणि डोळे मात्र वाऱ्याला मोकळे ठेवता. हडपसरहून विद्यापीठापर्यंत रोज जाऊन-येऊन तो वारा आणि धूळ डोळ्यांवर येते.

मेडिकलमधून कोणते ड्रॉप घेऊ?

कृपा करून ‘लाल डोळ्यांचे ड्रॉप द्या’ असं सांगून काहीही घेऊ नका. या एका प्रश्नावर मी जरा जास्त बोलते, कारण इथे डोळ्याचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

ड्रॉप ढोबळमानाने तीन जातींचे मिळतात. पहिले, अश्रूंची जागा भरणारे. त्यांच्यावर कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज, हायप्रोमेलोज, सोडियम हायलुरोनेट असं काही लिहिलेलं असतं. कोरडेपणासाठी हेच. दिवसातून तीन-चार वेळांपर्यंत साधी बाटली चालते. त्याहून जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. बाटली टिकावी म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड वारंवार डोळ्यात गेलं की तेच बुबुळाच्या पृष्ठभागाला त्रास देतं. बाटली उघडलेली तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि महिन्याने टाकून द्या, खोक्यावर वेगळी मुदत असेल तर ती पाळा.

दुसरे, लाली घालवणारे. ते रक्तवाहिन्या आवळतात, डोळा तासाभरात पांढरा होतो, असर उतरला की आधीपेक्षा लाल होतो. मग पुन्हा घालायचे. त्या चक्रात अडकू नका.

तिसरे, स्टेरॉइडचे. नावात ‘डेक्सा’ किंवा ‘प्रेड’ असं काही दिसलं तर थांबा. या थेंबांनी दोन दिवसांत इतकं बरं वाटतं की माणूस त्यांना सोडत नाही. आणि आतून डोळ्याचा दाब वाढत राहतो, तो दुखत नाही, कळत नाही. काचबिंदू आणि अवेळी मोतीबिंदू, दोन्ही यातून होतात. माझ्याकडे गावाहून आलेली एक मुलगी होती. चिठ्ठीशिवाय मिळालेली तीच बाटली तिने सात-आठ महिने घातली होती. ‘थंड वाटतं’ म्हणाली. दाब मोजला आणि मी त्याच दुपारी तिला नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेले. काचबिंदूने नजरेच्या कडेचा गेलेला भाग परत येत नाही. नेत्रतज्ज्ञांनी मोजून दिलेलं स्टेरॉइड हे चांगलं औषध आहे, पण ते त्यांच्याच देखरेखीखाली घ्यायचं.

ड्रॉप घालायची काही पद्धत आहे का?

हात धुवा. मान मागे टाका, खालची पापणी बोटाने खाली ओढा म्हणजे एक खळगा होईल. त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग फडफड न करता मिनिटभर डोळा मिटून ठेवा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने हलका दाबा. डोळ्यात एका थेंबाएवढीही जागा नसते, दुसरा थेंब गालावरच येतो. दोन वेगळी औषधं असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या. आणि बाटली ज्याची त्याची, खोलीत एकच फिरवू नका.

शेक घ्या म्हणता, तो नक्की कसा?

ग्रंथींतलं तेल घट्ट झालं की ते साठून राहतं. टूथपेस्टसारखं होतं कधी कधी, दाबल्यावर तसंच बाहेर येतं. ऊब दिली की ते पातळ होतं. दिवसातून एकदा, पाच ते दहा मिनिटं. रुमाल गरम पाण्यात पिळून घेतला तर दोन मिनिटांत गार होतो, म्हणून सारखा बदलावा लागतो. त्यापेक्षा स्वच्छ सुती कापडात मूठभर तांदूळ बांधा आणि ती पुरचुंडी कोऱ्या तव्यावर मंद गरम करा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. तिथे सुखद वाटली तरच पापणीवर. चटका बसेल इतकी गरम कधीच नको. डोळे मिटलेले, लेन्स काढलेल्या.

नंतर बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने अलगद फिरवा. बुबुळावर दाब देऊ नका. मग ओल्या स्वच्छ कापसाने पापण्यांच्या केसांची मुळं पुसा, तिथे कोंडा साठतो. फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात. आठवड्याने मुलं कंटाळतात आणि सोडून देतात, म्हणून हे आधीच सांगते.

आजी गुलाबपाणी घालायला सांगते. मध, तूप, काजळ?

आजीच्या मायेला बोल नाही, पण डोळ्यात घालायचं काहीही निर्जंतुक असावं लागतं आणि घरातलं गुलाबपाणी तसं नसतं. त्यातला सुगंधी अंशही झोंबतो. मध, तूप, तेल हेही डोळ्याच्या आत नको. थंड पाण्याची पट्टी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. बरं वाटतं आणि आजीचंही मन राखलं जातं.

काजळ पापणीच्या आतल्या कडेवर घालतात, बरोबर त्या तेलग्रंथींच्या तोंडावर. लावायचंच असेल तर केसांच्या बाहेरच्या बाजूला लावा आणि रात्री पूर्ण काढून झोपा. सुरमा अजिबात नको, त्यात शिसं सापडलेलं आहे.

कोरडं वाटत नाही, पण खाज फार सुटते.

मग बहुधा ॲलर्जी आहे. चुरचुर आणि आग हे कोरडेपणाचं लक्षण, खाज ॲलर्जीचं. दोन्ही एकत्रही असतात. काहीही असो, डोळे चोळू नका. तुमच्या वयात जोरजोरात चोळण्याची सवय बुबुळाला महागात पडते. ते पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ लागतं, त्याला केराटोकोनस म्हणतात. दर सहा महिन्यांनी सिलिंडरचा नंबर बदलत असेल आणि चोळण्याची सवय असेल तर बुबुळाचा नकाशा काढून घ्या. वेळेत कळलं तर ते थांबवता येतं.

ॲलर्जीच्या गोळ्याही डोळे कोरडे करतात, विशेषतः झोप आणणाऱ्या. पिंपलसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर ते चेहऱ्याबरोबर पापण्यांतल्या तेलग्रंथींनाही सुकवतं. तपासायला आल्यावर चालू असलेली प्रत्येक गोळी सांगा. स्वतःहून मात्र कुठलीच बंद करू नका, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना विचारा.

लेन्स वापरते. बंद करू?

बंद नको, तास कमी करा. खोलीवर आल्यावर चष्मा. लेन्स लावून दुपारची डुलकीसुद्धा नको, आणि नळाच्या पाण्याने त्या कधीच धुवायच्या नाहीत. त्या पाण्यातल्या जंतूंनी होणारा बुबुळाचा संसर्ग फार वाईट असतो. लेन्सवरून चालणारे ड्रॉप वेगळे असतात, विचारून घ्या.

लेसिक करून टाकू का?

लेसिकमध्ये, म्हणजे नंबर घालवायच्या लेझर शस्त्रक्रियेत, बुबुळातल्या नसा कापल्या जातात, म्हणून नंतर काही महिने कोरडेपणा वाढतो. बहुतेकांचा सहा महिने ते वर्षभरात ओसरतो. आधीच थर तीन सेकंदांत फाटत असेल तर तो सुधारून मगच शस्त्रक्रियेचा विचार करा. भरतीची तारीख जवळ आली म्हणून घाई करणारी मुलं येतात, त्यांना मी हेच सांगते.

ओमेगा-३ च्या गोळ्या?

२०१८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ५३५ जणांपैकी काहींना वर्षभर रोज तीन ग्रॅम ओमेगा-३, बाकीच्यांना ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या. दोघांनाही सारखंच बरं वाटलं. जवसाची चटणी, अक्रोड, बांगडा खा, अन्न म्हणून उत्तम आहे. गोळ्यांवर पैसे घालवू नका. जेवणाचं बोलायचं तर, मेसची भाजी न आवडून महिनोन्महिने नूडल्स आणि चहा-बिस्किटांवर राहणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. अ जीवनसत्त्व फार कमी पडलं तर डोळ्याचा पृष्ठभागच सुकतो. पालेभाजी, गाजर, पपई, अंडं यांतलं काहीतरी रोज पोटात जाऊ द्या. आणि झोपा. जागरणानंतर अश्रूंचा थर लवकर फाटतो.

नेत्रतज्ज्ञांकडे लगेच कधी जायचं?

डोळा खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अचानक कमी झाली असेल, एकच डोळा लाल होऊन पू येत असेल तर त्याच दिवशी. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला तर लेन्स काढून त्याच दिवशी. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, सुकी पोळी पाण्याशिवाय गिळवत नसेल, सांधे दुखत असतील तर स्योग्रेन नावाचा आजार असू शकतो, त्याची रक्ततपासणी असते. आणि वरचं सगळं महिनाभर करूनही उतार नसेल तर पुढची तपासणी करून घ्या.

हे कायमचं बरं होतं का?

तुमच्या वयात बहुतेकांचं खूप सुधारतं, पण सवय परत बिघडली की त्रास परत येतो. दुर्लक्ष केलं तर बंद पडलेल्या ग्रंथी हळूहळू झिजतात आणि झिजलेली ग्रंथी सहसा परत उगवत नाही, म्हणून विशीतच लक्ष घाला. तो तीन सेकंदांचा मुलगा दोन महिन्यांनी आला तेव्हा त्याचा थर आठ सेकंद टिकत होता. उशी पायथ्याशी नेली होती, शेक बऱ्यापैकी घेतला होता. ड्रॉप दिवसाला दोनदा.

नेट, गेटसारखी परीक्षा सलग तीन तास संगणकावर असते. त्या दिवशी काय करू?

आदल्या रात्रीची झोप मोडू नका. सराव परीक्षा कागदावर देण्याऐवजी निदान चार-पाच तरी पूर्ण वेळ पडद्यावरच द्या, आणि तेव्हाच ‘पुढचा प्रश्न’ बटण दाबताना एकदा पापण्या पूर्ण मिटायची सवय लावा. बोटाला आणि पापणीला ती जोडी लागली की परीक्षेत वेगळं लक्ष द्यावं लागत नाही. लेन्स घरी ठेवा, चष्म्याने जा. केंद्रात शिरण्याआधी एक थेंब घाला, आत ड्रॉप नेता येतील की नाही ते प्रवेशपत्रावर वाचून ठेवा. एसीचा झोत सरळ तोंडावर येत असेल तर सुरुवातीलाच पर्यवेक्षकांना सांगा, संकोच करू नका. बाहेर आल्यावर मोबाइल उघडून उत्तरं ताडायची घाई होते. घरी पोचेपर्यंत ती राहू द्या, रिक्षात बसल्यावर डोळे मिटून घ्या.